रंगविलेला हत्ती आणि रानातला हत्ती

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पुणे शहरात घरोघरी आणि चौकाचौकांत ज्या दैवताची स्थापना होते, त्याचे मुख हत्तीचे आहे. माती, रंग, आरास आणि वर्गणी या चार गोष्टींचा परिचय पुणेकरांना कोणी करून द्यावयास नको. म्हणूनच प्राण्यांच्या पुतळ्यांवर चित्रकारांकडून रंगकाम करवून घ्यावयाचे, ते काही आठवडे भर रस्त्यात मांडावयाचे आणि शेवटी लिलाव करून आलेला पैसा सत्कार्यास द्यावयाचा, ही जी पद्धत गेल्या पाव शतकात जगभर रूढ झाली आहे, तिचा विचार पुण्याने आपुलकीने, परंतु डोळसपणे करावयास हवा.

या पद्धतीचा आरंभ १९९८ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात गाईंच्या पुतळ्यांनी झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील शिकागो शहराने तीनशेहून अधिक गाई रस्त्यांवर उभ्या केल्या आणि त्यांच्या लिलावातून लक्षावधी डॉलर सार्वजनिक संस्थांना मिळवून दिले. २००७ साली हॉलंडमधील रॉटरडॅम येथे गाईंच्या जागी हत्ती आले. थायलंडमधील मोशा नावाच्या हत्तिणीच्या पिलाचा पाय सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. तिची दशा पाहून ही कल्पना सुचली. २०१० साली लंडनमध्ये अडीचशेच्या आसपास हत्ती मांडले गेले. भारतात हा उपक्रम २०१७-१८ साली आला आणि २०१८ च्या प्रारंभी मुंबईकरांनी आपल्या रस्त्यांवर हे चित्रविचित्र हत्ती पाहिले. पुतळे एकशे एक होते, आणि ही संख्या केवळ शुभ म्हणून निवडलेली नव्हती. हत्ती ज्या चिंचोळ्या वाटांनी एका रानातून दुसऱ्या रानात जातात, अशा एकशे एक वाटांची नोंद भारतीय वन्यजीव अभ्यासकांनी २०१७ साली प्रसिद्ध केली होती. एकेक पुतळा एकेका वाटेचा प्रतिनिधी होता.

या उपक्रमावर दोन आक्षेप घेतले जातात. कलारसिक म्हणतात, साच्यातून काढलेल्या एकाच आकाराच्या पुतळ्यावर रंग फासणे ही कला नव्हे. दुसरे म्हणतात, हा श्रीमंतांच्या दिवाणखान्याचा शौक आहे. त्याला दानधर्माचे नाव कशाला? पहिल्या आक्षेपात तथ्य असले तरी आम्ही त्यास फार किंमत देत नाही. चित्रशाळेची पायरी ज्याने कधी चढलेली नाही, त्या माणसाच्या वाटेत चित्र येऊन उभे राहते, ही गोष्ट लहान नाही. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मात्र पैशाचे पुढे काय झाले यावरच अवलंबून आहे.

ते उत्तर सर्वस्वी निराशाजनक नाही. केरळातील वायनाड भागात तिरुनेल्ली ते कुद्रकोटे या हत्तीवाटेवर वस्त्या बसल्या होत्या. भारतीय वन्यजीव न्यासाने परदेशी संस्थांच्या साहाय्याने तेथील जमीन विकत घेतली, रहिवाशांचे त्यांच्या संमतीने अन्यत्र पुनर्वसन केले आणि २०१५ साली ती जमीन केरळच्या वनखात्याच्या स्वाधीन केली. त्या साहाय्यकांत हत्तींच्या पुतळ्यांचे लिलाव करणारी ‘एलिफंट फॅमिली’ ही संस्थाही होती. देणगीदारांच्या पैशातून रानातल्या हत्तीला वाट मिळू शकते, हे यावरून सिद्ध होते.

परंतु आम्हांस आज वायनाडपेक्षा दोडामार्गाची चिंता अधिक वाटते. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिलारीच्या खोऱ्यात उतरले आणि तेव्हापासून तेथील शेतकऱ्याची रात्रीची झोप उडाली आहे. दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा लागणारा हा प्राणी केळीच्या, माडाच्या, सुपारीच्या बागेत शिरला म्हणजे पाच-दहा वर्षांची मेहनत एका रात्रीत भुईसपाट होते. २०१५ साली तीन हत्ती पकडण्यात आले. तरी प्रश्न मिटला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावचे एक वृद्ध शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात प्राणास मुकले. तिकडे गडचिरोलीत २०२१ साली छत्तीसगडमधून वीसहून अधिक हत्तींचा कळप आला आणि धानाच्या शेतांवर तेच संकट कोसळले. हत्तींच्या वाटा आता विदर्भात आणि दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवरही पोहोचल्या आहेत, हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या अहवालानेच मान्य केले आहे. त्यात देशभरातील अशा वाटांची संख्या दीडशे झाली आहे.

हत्ती दुष्ट नाही आणि शेतकरीही क्रूर नाही. धरणे, खाणी, रस्ते आणि मळे यांनी ज्याची वाट मोडली तो हत्ती आणि ज्याच्या अंगणातून आता ती वाट जाते तो शेतकरी, असे हे दोघे पीडित समोरासमोर उभे आहेत. हत्तीचा पुतळा रंगविणारे शहर जर त्या शेतकऱ्याला विसरले, तर त्याचे प्राणिप्रेम हे दुसऱ्याच्या खर्चाने केलेले पुण्य होय.

निलगिरीतील गुडलूरचे उदाहरण येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथील आदिवासी कारागिरांनी रान गिळून टाकणारी घाणेरीची झुडपे तोडून त्यांच्या काटक्यांचे पूर्णाकृती हत्ती घडविले. २०२१ साली ते लंडनमध्ये आणि २०२४ साली अमेरिकेत मांडले गेले. या योजनेत रान मोकळे झाले, कारागिराला मजुरी मिळाली आणि विक्रीचा पैसा माणूस व प्राणी यांच्या सहवासाच्या कार्यास लागला. फायबरच्या साच्याहून हा मार्ग आम्हांस अधिक प्रशस्त वाटतो.

पुण्यात असा उपक्रम करावयाचा झाला तर आमच्या तीन सूचना आहेत. चित्रकाराला आणि कारागिराला मोबदला मिळाला पाहिजे. दान संयोजकांनी करावे, कलावंताच्या भाकरीचे करू नये. दुसरे, जमेबरोबर खर्चाचाही हिशेब वर्तमानपत्रांत छापावा आणि पैसा कोणत्या गावी, कोणत्या कामाला लागला हे वर्षभराने पुन्हा सांगावे. तिसरे, लिलावाच्या दालनाबाहेर एक पेटी असावी. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला, हा आपल्याच जिल्ह्यातील इतिहास आहे. लिलावात एक धनिक बोली जिंकतो, तर पेटीत हजार मुले आपला वाटा टाकतात. वर्गात अनेक वर्षे उभे राहिल्यानंतर आम्ही अनुभवाने सांगतो की, ज्या गोष्टीसाठी मुलाने स्वतःचे चार आणे दिले ती गोष्ट ते जन्मभर विसरत नाही.

गजाननाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. तिलारीच्या खोऱ्यात हत्तीचे आणि माणसाचे विघ्न एकच आहे. ते दूर करण्यास आपल्या रंगाचा आणि वर्गणीचा काही उपयोग होणार असेल, तर तो पुतळा पुण्याच्या चौकात अवश्य उभा राहावा. तसे होणार नसेल तर मांडवातला हत्ती आपल्याला पुरेसा आहे.