माळ्यावरची पेटी

मुलांना थोडेंबहुत गाणें-वाजवणें यावें, याविषयीं सुशिक्षित घरांत आतां मतभेद उरलेला नाहीं. मतभेद सुरू होतो तो वाद्य आणण्याची वेळ आली म्हणजे. ‘आधीं गोडी लागते कीं नाहीं तें पाहूं, मग चांगलें वाद्य घेऊं,’ असा व्यवहारी विचार करून पालक विजेवर चालणारें, खेळण्याच्या तोलाचें एखादें पट्ट्यांचें यंत्र घरीं आणतात. कांहीं महिन्यांत मुलाचें मन त्यावरून उडतें, आणि ‘त्याला मुळांत अंगच नव्हतें’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. माझ्या मतें हा निकाल अन्यायाचा आहे. मुलाची परीक्षा झालीच नाहीं. परीक्षा झाली ती वाद्याची, आणि नापास मात्र मूल झालें.

स्वस्त यंत्राची पट्टी हलकी दाबा कीं जोरानें दाबा, नाद तेवढाच निघतो. पेटीचें तसें नव्हे. एका हातानें भाता चालवावा लागतो, आणि स्वर किती टिकेल, केव्हां चढेल, केव्हां मंदावेल, हें त्या हातावर अवलंबून असतें. स्वर हा आपण निर्माण करतों, तो आयता मिळत नाहीं, ही जाणीव मुलाला पहिल्याच दिवशीं होते. भारी किंमतीच्या यंत्रांत हा दोष बराच कमी असतो, हें मी मान्य करतों. परंतु मग स्वस्ताईची सबब कोठें राहिली?

‘चांगली पेटी आम्हांला परवडत नाहीं,’ हें उत्तर येतें. नवी कदाचित् परवडत नसेल, जुनीचें काय? गुहागरसारख्या गांवाचाच विचार करावा. नारळी-पोफळीच्या आगरांतलीं कित्येक घरें वर्षाचे बहुतेक महिने बंद असतात. माणसें मुंबई-पुण्यास, आणि कुलूप निघावयाचें तें गणपतींत किंवा मे महिन्यांत. अशा घराच्या माळ्यावर आजोबांची पेटी असली, तर तिची गत काय होते? ती विकावयाची नाहीं, कारण ती आजोबांची आठवण; वाजवावयाची नाहीं, कारण वाजवणारा कोणी नाहीं; आणि शेजारच्या मुलाला द्यावयाची नाहीं, कारण तो ती बिघडवील! इकडे समुद्राची खारी, दमट हवा आपलें काम बिनबोभाट करीत असते. पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा गंजतात, पितळी सूर काळवंडतात, लांकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याचें कातडें झुरळें कुरतडतात. शेजारच्या मुलानें दहा वर्षांत केली नसती तेवढी नासाडी आपली मायाच करते.

जुनें वाद्य घेण्यांत फसवणुकीचें भय आहे, हा आक्षेप खरा. पण त्याला उपाय साधे आहेत. भाता भरून एकही पट्टी न दाबतां तो किती वेळ तग धरतो तें पहावें. लगेच बसला तर वारा गळतो आहे. पट्टी न दाबतां एखादा सूर आपोआप बोलूं लागला, तर त्या पट्टीची बैठक बिघडली आहे. मग एकेक पट्टी सावकाश वाजवावी. कातडें, स्प्रिंग, बैठक हीं सर्व बदलतां येतात. उतरलेला सूरही जिभेच्या टोंकाशीं किंचित् घासून चढवितां येतो, आणि मुळाशीं घासून उतरवितां येतो. मात्र तें काम जाणत्या कारागिराचें. जुन्या पेट्यांत पुष्कळदां पॅरिसचे किंवा जर्मनीचे सूर सांपडतात, आणि जाणकार त्यांना आजही मान देतात.

या बाबतींत आपण युरोपपेक्षां भाग्यवान् आहों. तिकडे उभे जुने पियानो पुष्कळदां फुकट दिले जातात, तरी घ्यावयास माणूस मिळत नाहीं. कारण पियानोंत दोनशेंहून अधिक तारा असतात. त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा, तो पेलावयास ओतीव लोखंडाची चौकट, आणि एवढें ओझें उचलून, जुळवून घेण्याचा खर्च वाद्याच्या किंमतीवर जातो. आपली पेटी एका माणसाच्या हातांत मावते, आणि एस्.टी.च्या गाडींतून चिपळुणास नेतां येते.

कोणी म्हणतील, पेटी हें वाद्यच परकें आणि सदोष. १८४२ सालीं पॅरिसच्या देबँ यानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें, हें खरें. तिच्यांतून मींड निघत नाहीं, श्रुती सांपडत नाहींत, हेंही खरें; रवींद्रनाथांनाही ती रुचत नव्हती. आकाशवाणीनें तर १९४० सालीं तिला बंदी केली, ती १९७१ पर्यंत सैल झाली नाहीं. पण त्याच सदोष वाद्यावर गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) आणि गोव्याचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनीं काय करून दाखविलें, तें रसिकांना सांगावयास नको. आणि पट्ट्यांचा हा दोष विजेच्या यंत्रांतही तसाच आहे. तेव्हां त्याची कड घेणाऱ्यांनीं तरी हा आक्षेप काढूं नये. घरांत तंबोरा आणि तो रोज जुळवून देणारा जाणता असेल, तर त्या मुलानें अवश्य तंबोऱ्यावर गावें. असा जाणता किती घरांत आहे?

म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे. माळ्यावरच्या पेट्या खालीं काढाव्या. ज्यांना विकणें जिवावर येतें त्यांनीं त्या विकूं नयेत. गांवच्या वाचनालयाकडे किंवा शाळेकडे ठेव म्हणून द्याव्या. संस्थेनें त्या दुरुस्त करून, पुस्तक देतात तशा, अल्प अनामत घेऊन शिकाऊ मुलांना वर्षभर वापरावयास द्याव्या. पेटीवर आजोबांचें नांव खुशाल घालावें. पुस्तक हातोहात फिरून फाटलें तर तें वाचलें गेलें म्हणून आपण समाधान मानतों. पेटीच्या पट्ट्या झिजल्या तर दुःख कां वाटावें? येत्या गणपतींत कुलपें निघतील, तेव्हां प्रत्येकानें एकदां माळ्यावर चढून पहावें.