शांततेचा मान कोणाचा, किंमत कोणाची?

१६ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्लो येथून त्या वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाले. व्हिएतनाममधील युद्धबंदीचा करार घडवून आणल्याबद्दल ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे प्रतिनिधी ले डुक थो यांना विभागून देण्यात आले होते. किसिंजर यांनी ते स्वीकारले. ले डुक थो यांनी नाकारले. व्हिएतनाममध्ये शांतता अद्याप नांदत नाही, तेव्हा तिच्या नावाचे पारितोषिक घेता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पारितोषिक समितीच्या पाच सदस्यांपैकी दोघांनी निषेधार्थ राजीनामे दिले. किसिंजर समारंभाला गेले नाहीत. त्यांच्या वतीने अमेरिकेच्या राजदूताने मान स्वीकारला. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले, तेव्हा किसिंजर यांनी पारितोषिक परत करण्याची तयारी दर्शवली. समितीने ते परत घेण्याचे नाकारले.

ही कथा जुनी असली, तरी तिचे शेवटचे पान अलीकडेच उघडले. पारितोषिकाची कागदपत्रे पन्नास वर्षे गुप्त ठेवण्याचा नियम आहे. ती मुदत संपून जानेवारी २०२३ मध्ये हे दप्तर खुले झाले. त्यावरून दिसले ते असे : पॅरिसच्या करारावर २७ जानेवारी १९७३ रोजी सह्या झाल्या आणि अवघ्या दोन दिवसांनी, २९ जानेवारीला, समितीच्याच एका सदस्याने या दोघांची नावे सुचवली. हा करार टिकण्याची चिन्हे नाहीत, याची जाणीव समितीला निर्णय घेताना होती. म्हणजे चूक अज्ञानातून झाली नव्हती. ती समजून-उमजून केलेली होती.

राज्यकर्ते आंतरराष्ट्रीय सन्मानांना पात्र असतात काय, हा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात नव्याने विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा व्यक्तींच्या आवडीनिवडीवर दिले जाते. ज्याला तो नेता प्रिय, त्याला पारितोषिक योग्य वाटते. ज्याला अप्रिय, त्याला अयोग्य. अशा वादातून काही हाती लागत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. शांततेचे मोजमाप कोणी करायचे, केव्हा करायचे आणि तिची किंमत कोणाच्या खात्यावर मांडायची?

पेरणीच्या दिवशी आणेवारी

महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते की आणेवारी उभ्या पिकाची ठरवतात. पेरणीच्या दिवशी कोणी सोळा आणे पीक लिहून देत नाही. राज्यकर्त्यांच्या बाबतीत मात्र हे साधे शहाणपण गुंडाळून ठेवले जाते. करारावरची शाई वाळण्यापूर्वी त्यांच्या शांततेची आणेवारी लावली जाते आणि पीक करपले तरी ती बदलत नाही.

बराक ओबामा २० जानेवारी २००९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या वर्षीच्या शिफारशींची मुदत त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत संपली आणि ऑक्टोबरमध्ये शांतता पारितोषिक त्यांच्या नावे जाहीर झाले. १ डिसेंबरला त्यांनी अफगाणिस्तानात आणखी तीस हजार सैनिक पाठवण्याची घोषणा केली. १० डिसेंबरला ऑस्लोत पारितोषिक स्वीकारताना त्यांचे भाषण झाले ते न्याय्य युद्धाच्या समर्थनाचे. आपले कर्तृत्व फार थोडे आहे हे त्यांनी त्याच भाषणात कबूल केले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु घेणाऱ्याला जे कळत होते ते देणाऱ्यांना कळू नये, याचे नवल वाटते.

इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांची कथा याहून दारुण आहे. एरिट्रियाशी वीस वर्षे चिघळलेले वैर मिटवल्याबद्दल त्यांना २०१९ चे पारितोषिक मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्याच सरकारचे सैन्य टिग्रे प्रांतात युद्धात उतरले आणि ज्या एरिट्रियाशी सख्य केल्याचा गौरव झाला होता, त्या एरिट्रियाचे सैन्य त्यांच्या बाजूने लढले. दोन वर्षे चाललेल्या त्या युद्धातील मृतांचे अंदाज काही लाखांपर्यंत जातात. दोन सरकारांमधील मैत्री म्हणजे जनतेसाठी शांतता नव्हे. ती कधी कधी तिसऱ्याविरुद्धची युती असते, हा धडा टिग्रेच्या लोकांनी रक्ताने लिहिला. जानेवारी २०२२ मध्ये पारितोषिक समितीला अबी अहमद यांना त्यांच्या विशेष जबाबदारीची जाहीर आठवण करून द्यावी लागली. त्यापलीकडे तिच्या हाती काही नव्हते, कारण एकदा दिलेला मान काढून घेण्याची तरतूदच नाही.

जपानचे माजी पंतप्रधान एइसाकु सातो यांना १९७४ मध्ये हे पारितोषिक मिळाले. अण्वस्त्रे बाळगायची नाहीत, बनवायची नाहीत आणि देशात येऊ द्यायची नाहीत, या त्यांच्या त्रिसूत्रीचा तो गौरव होता. परंतु संकटकाळी ओकिनावात अण्वस्त्रे आणण्याची मुभा देणारा गुप्त करार त्यांनी १९६९ मध्येच अमेरिकेशी केला होता. तो कागद २००९ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांकडे सापडला. सत्ताधाऱ्याची शांतता त्याच्या भाषणावरून मोजणे किती धोक्याचे असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको.

आग लावणाऱ्याचा सत्कार

किसिंजर यांच्या जमाखर्चाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण तिथे केवळ घाईचा दोष नव्हता. मार्च १९६९ पासून कंबोडियावर अमेरिकेची विमाने बॉम्ब टाकत होती आणि ही गोष्ट अमेरिकेच्या काँग्रेसपासूनही लपवण्यात आली होती. काँग्रेसने हात आवळल्यावर ती बॉम्बफेक १५ ऑगस्ट १९७३ रोजी थांबली. पारितोषिकाची घोषणा त्यानंतर दोन महिन्यांनी झाली. करारापूर्वीच्या डिसेंबरात, नाताळच्या दिवसांत, हॅनोई आणि हायफाँग या शहरांवर बी-बावन्न विमानांनी आग ओतली होती. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीतील लष्कराने लोकनियुक्त समाजवादी अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे सरकार उलथवले. त्यांना सत्तेवर येऊच न देण्यासाठी अमेरिकेने १९७० मध्ये केलेल्या गुप्त कारवाया पुढे अमेरिकी सिनेटच्याच चौकशीत उघड झाल्या.

भारतीयांना तर यासाठी दूरचे दाखले नकोत. १९७१ मध्ये पूर्व बंगालमध्ये याह्याखानांच्या लष्कराने कत्तल मांडली. ढाक्यातील अमेरिकी वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी एप्रिलमध्येच आपल्या सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली. परंतु याह्याखान हे चीनकडे जाण्याच्या वाटेवरचे मध्यस्थ होते. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेले. त्या भेटीच्या सोयीपुढे बंगाल्यांच्या प्राणांचे मोल शून्य ठरले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण प्रकृती ठीक नसतानाही देशोदेशींच्या राजधान्यांत जाऊन या माणसांची कैफियत मांडत होते. त्या धडपडीला कोणते पारितोषिक मिळाले नाही आणि जयप्रकाशांनी त्याची वाटही पाहिली नाही.

ज्याच्या हातात आग असते त्याने ती थोडा वेळ थांबवली की त्याचा सत्कार करायचा, हा या पारितोषिकांमागचा छुपा न्याय आहे. युद्ध थांबवण्याची शक्ती बहुधा युद्ध चालवणाऱ्याकडेच असते. त्यामुळे ज्याने जितका मोठा विध्वंस चालवला असेल, तितकी त्याची विश्रांतीही मोठी बातमी ठरते. ज्याच्या हातात कधी बंदूकच नव्हती, त्याच्या हातून ‘युद्धबंदी’ कशी होणार?

हा दोष केवळ पाश्चात्त्यांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. ज्या १९७३ मध्ये नोबेल समितीने किसिंजर यांना निवडले, त्याच वर्षी सोव्हिएत संघाने आपले आंतरराष्ट्रीय लेनिन शांतता पारितोषिक लिओनिद ब्रेझनेव्ह यांना अर्पण केले. प्रागच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे उतरून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पुढे डिसेंबर १९७९ मध्ये हेच ‘शांतिदूत’ अफगाणिस्तानात सैन्य घेऊन शिरले. ऑस्लो आणि मॉस्को यांच्या विचारसरणी भिन्न होत्या. सत्तेपुढे वाकण्याची रीत एकच होती. समाजवाद्याला यांपैकी एकाचा निषेध करून दुसऱ्याबाबत गप्प बसता येत नाही.

अपवाद काय सांगतात

याला एक उत्तर दिले जाते आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. पारितोषिक हे केवळ झाल्या कामाचे बक्षीस नसून होऊ घातलेल्या कामाला बळ देण्याचे साधन आहे, असे म्हटले जाते. विली ब्रांट यांचे उदाहरण त्यासाठी पुढे येते. १९७१ मध्ये त्यांना पारितोषिक मिळाले तेव्हा ते पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर होते आणि पूर्वेकडील देशांशी त्यांनी केलेल्या करारांना संसदेची मंजुरी मिळायची होती. अन्वर सादात यांचेही नाव घेतले जाते. १९७८ च्या पारितोषिकानंतर इजिप्त आणि इस्राएल यांच्यात झालेला तह आजवर मोडलेला नाही.

ही उदाहरणे खरी आहेत. पण ती काय सिद्ध करतात? ब्रांट यांनी युद्धात गमावलेल्या भूमीवरचा हक्क सोडण्याची भाषा आपल्याच देशबांधवांपुढे केली आणि १९७२ मध्ये अविश्वासाच्या ठरावातून त्यांचे सरकार अवघ्या दोन मतांनी वाचले. सादात यांना ६ ऑक्टोबर १९८१ रोजी त्यांच्याच सैन्यातील माणसांनी संचलनाच्या वेळी गोळ्या घातल्या. या दोघांनी शांततेसाठी स्वतःचे काही पणाला लावले होते. सादात यांच्याबरोबर पारितोषिकाचा अर्धा वाटा घेणाऱ्या मेनाखेम बेगिन यांच्या सरकारने १९८२ मध्ये लेबनॉनवर आक्रमण केले, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. तेव्हा कसोटी पदाची नाही, करारावरच्या सहीचीही नाही. नेत्याने शांततेसाठी आपले काय गमावण्याची तयारी ठेवली आणि ती शांतता ज्यांच्या नावाने झाली त्यांच्या घरात ती पोचली काय, ही कसोटी आहे. शंभरातील फार थोडे राज्यकर्ते तिला उतरतील.

ज्यांच्याजवळ सत्ता नव्हती

या पारितोषिकाने खरे तेज दाखवले ते सत्तेसमोर उभे राहून. १९३५ चे पारितोषिक हिटलरच्या छळछावणीत पिचून निघालेल्या कार्ल फॉन ऑसिएट्स्की या पत्रकाराला जाहीर झाले, तेव्हा नाझी सरकारने चवताळून जर्मनांना नोबेल घेण्यासच बंदी केली. १९६० चे पारितोषिक दक्षिण आफ्रिकेच्या अल्बर्ट लुथुली यांना मिळाले, तेव्हा ते सरकारी बंदीहुकमाखाली होते. २०२४ मध्ये ते हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांच्या निहोन हिदांक्यो या संघटनेला मिळाले. १९५६ पासून ही माणसे आपल्या भाजलेल्या देहांची साक्ष जगापुढे काढत आली होती. इथे मान मिळाला तो किंमत मोजणाऱ्यांना.

अर्थात छळ सोसलेला माणूसही सत्तेवर गेल्यावर तसाच राहतो असे नाही. आँग सान स्यू की यांना १९९१ मध्ये स्थानबद्धतेत पारितोषिक मिळाले, ते सर्वस्वी योग्य होते. परंतु २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना म्यानमार सोडून पळावे लागले, तेव्हा त्या सरकारच्या प्रमुख होत्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन त्यांनी आपल्या देशाच्या लष्कराची बाजू मांडली. तुरुंगात कमावलेली पुण्याई सत्तेत किती लवकर खर्ची पडते, हे त्यावरून दिसते.

आणि गांधीजी? १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ अशी पाच वेळा त्यांची शिफारस झाली होती. १९४७ साली विचार गंभीरपणे झाला. परंतु त्यांच्या एका प्रार्थनासभेचा जो वृत्तांत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आला, त्यावरून ते युद्धाला पाठिंबा देत असल्याची शंका समितीत घेतली गेली. एका वृत्तांतामुळे जी समिती गांधीजींविषयी साशंक झाली, तिलाच पुढे वर्षानुवर्षांची बॉम्बफेक आड आली नाही! १९४८ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर, हयात असलेला योग्य उमेदवार नाही असे सांगून पारितोषिक कोणालाच देण्यात आले नाही. नोआखालीच्या पाऊलवाटांवरून अनवाणी फिरणारा आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीतील सोहळा सोडून कलकत्त्याच्या दंगलग्रस्त वस्तीत उपवास करणारा माणूस या मापात बसला नाही. त्यात उणेपण मापाचे होते.

कार्यकर्त्याने यातून काय घ्यावे? जून २०२५ मध्ये पाकिस्तान सरकारने डोनाल्ड ट्रम्प यांची शांतता पारितोषिकासाठी शिफारस जाहीर केली आणि एक-दोन दिवसांतच अमेरिकी विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. सन्मान हे आता राजनैतिक व्यवहारातील नाणे झाले आहे. म्हणून पदावर असलेल्या राज्यकर्त्याला शांततेचा मान देऊच नये, निदान करारानंतर दहा वर्षे थांबावे, आणि त्या वेळी साक्ष राजदूतांची न घेता निर्वासितांची, विधवांची आणि गाव उजाडलेल्यांची घ्यावी, अशी मागणी सर्व देशांतील पुरोगामी चळवळींनी धरली पाहिजे. आपल्या बाजूचा नेता सन्मानित झाला म्हणून हारतुरे घेऊन धावण्यापूर्वीही हीच साक्ष काढली पाहिजे.

ले डुक थो हे काही संत नव्हते. ते युद्धाचे सूत्रधार होते आणि १९७५ मध्ये शेवटचा निकाल त्यांच्या बाजूने शस्त्रांनीच लावला. तरीही त्या ऑक्टोबरात त्यांनी एक गोष्ट केली : नसलेल्या शांततेला शांतता म्हटले नाही. राज्यकर्त्यांकडून इतक्या सत्याचीही अपेक्षा ठेवता येत नसेल, तर त्यांच्या गळ्यात पदके घालणाऱ्यांनी तरी ती स्वतःकडून ठेवावी.