सावकाराच्या हातची कात्री

प्रौढांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांवर अग्रलेख लिहिण्याची पाळी आमच्यावर येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. हा विषय आमच्या वाचकांच्या घरांत मोठ्याने बोलला जात नाही, आणि तो तसा बोलला जावा असा आमचा आग्रहही नाही. परंतु २०२५ च्या जुलै महिन्यात या खेळांच्या बाजारपेठेत जे घडले, ते त्या खेळांपुरते राहिलेले नाही. कोणी काय लिहावे, काय चितारावे आणि ते विकून चार पैसे मिळवावेत की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाचा, असा तो प्रश्न आहे. आणि लिहून-छापून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांस त्याकडे पाठ फिरविता येत नाही.

ज्या प्रकाराविषयी आम्ही बोलत आहोत त्याला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणतात. चित्रकादंबरी म्हटले तरी चालेल. मूळ जपानचे. पडद्यावर एक देखावा असतो, त्यापुढे पात्रांची चित्रे, खाली संवाद आणि निवेदन, मागे थोडे संगीत. वाचक बटण दाबीत पुढे जातो आणि मध्येच एखाद्या वळणावर त्याला विचारले जाते, आता काय करावयाचे? जे उत्तर तो देईल त्याप्रमाणे कथा फाटे घेते. बंदुका नाहीत, मोटारींच्या शर्यती नाहीत. वाचनाचाच हा एक प्रकार आहे. २००४ साली टॉम रॉथामेल या अमेरिकन गृहस्थाने 'रेन्पाय' नावाची साधनसामग्री तयार करून ती सर्वांस विनामूल्य खुली केली, तेव्हापासून अशी कथा रचण्यास कारखाना लागत नाही. लिहिणारा एक, चित्रे काढणारा एक, जमल्यास संगीत देणारा एक, एवढ्यावर भागते. पुष्कळदा तिन्ही कामे एकच माणूस नोकरीधंदा सांभाळून रात्री जागून करतो. २००० च्या डिसेंबरात तोकियोच्या 'कॉमिकेट' या हौशी लेखक-चित्रकारांच्या जत्रेत किनोको नासू आणि ताकाशी ताकेउची या जोडीने आपली 'त्सुकिहिमे' ही प्रौढांसाठीची चित्रकादंबरी विक्रीस मांडली होती. त्या जत्रेतील टेबलामागून जी संस्था उभी राहिली तिचे नाव पुढे जगभर झाले.

या प्रकारातील पुष्कळ मालात शृंगार असतो, आणि तो उघडावाघडा असतो, हे आम्ही लपवीत नाही. काहींत तो कथेच्या ओघात येतो, काहींत कथा ही केवळ त्याची सबब असते. आमच्या दिवाळी अंकांच्या जुन्या वाचकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी.

लहान रचनाकाराला आपला माल विकावयाचा तर दुकाने मोजकी. सर्वांत मोठे 'स्टीम', ते व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचे. तेथे प्रत्येक खेळामागे १०० डॉलर शुल्क भरून दाखल व्हावे लागते आणि विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा दुकानाचा. २०२४ या एका वर्षात तेथे अठरा हजारांहून अधिक खेळ दाखल झाले. त्या गर्दीत एकट्यादुकट्याचा खेळ कोणाच्या दृष्टीस पडणार? २०१८ च्या सप्टेंबरपासून स्टीमने प्रौढांच्या मालास उघड परवानगी दिली. दुसरे दुकान 'इच', हे २०१३ साली निघालेले, लहानांचे म्हणून ओळखले जाणारे. तेथे दुकानाला किती वाटा द्यावयाचा हे विकणारा स्वतः ठरवितो. मासळी बाजारातल्या पाटीवाल्या बाईला जशी कोपऱ्यातली दोन हात जागा पुरते, तशी ती जागा होती.

२०२५ च्या जुलैत स्टीमने आपल्या नियमांत एक कलम घातले: पैसे वळते करणाऱ्या कंपन्या, कार्डांची जाळी आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा मजकूर येथे चालणार नाही. त्यासरशी अनेक खेळ उतरले. मग २४ जुलैच्या सुमारास 'इच'ने प्रौढांसाठी म्हणून नोंद असलेला सगळाच माल शोधयादीतून काढून टाकला. आगाऊ सूचना नव्हती. ती देण्याइतका वेळच नव्हता, असे दुकानाचे म्हणणे. वर्ष-दोन वर्षे खपून केलेले काम रात्री होते आणि सकाळी शोधून सापडेना. यांत निव्वळ बीभत्स होते ते गेले, आणि प्रेमाची, दुःखाची, शरीराच्या संकोचाची कथा सांगणारेही गेले, कारण चाळणी लावण्याची सवडच कोणी घेतली नाही. आठवडाभराने, ३१ जुलैस, जे फुकट वाटत होते त्यांची नावे यादीत परत आली. मोल मागणारे बाहेरच राहिले. वस्तू अनीतीची म्हणून गेली असती तर ती फुकट दिल्याने शुद्ध कशी होते, हे आम्हांस उमगलेले नाही.

याच्या मागे ऑस्ट्रेलियातील 'कलेक्टिव्ह शाउट' या संस्थेची चळवळ होती. स्त्रियांवरील बळजोरीचे खेळ विकले जातात अशी तिची तक्रार, आणि तिने दुकानांऐवजी कार्डकंपन्यांना उघड पत्र लिहून जाब विचारला. या संस्थेची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. 'नो मर्सी' नावाचा जो खेळ २०२५ च्या एप्रिलमध्ये ओरड झाल्यावर काढून घेतला गेला, त्याचा विषयच घरातल्या स्त्रियांवरील बलात्कार हा होता. असला माल पाहून ज्याचे पित्त खवळत नाही त्याच्याशी आम्हांस वाद घालावयाचा नाही. अल्पवयीनांच्या बाबतीत तर चर्चेलाच जागा नाही. ते दार बंद असले पाहिजे आणि कुलूपही सरकारचे असले पाहिजे.

पण पुढे झाले काय ते पाहा. १ ऑगस्टला मास्टरकार्डने जाहीर केले की आम्ही कोणताही खेळ तपासलेला नाही आणि कोणावर बंधनही घातलेले नाही. व्हॉल्व्हचे उत्तर असे की, मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललेच नाही. मधल्या कंपन्या आणि बँका बोलल्या, आणि त्यांनी मास्टरकार्डच्या नियमावलीतील ५.१२.७ या कलमाकडे बोट दाखविले. ते कलम वाचण्यासारखे आहे. कंपनीच्या नावास बट्टा लागेल असा व्यवहार त्यात निषिद्ध आहे, आणि जे उघड उघड किळसवाणे असून ज्यास गंभीर कलामूल्य नाही, तेही निषिद्ध. कलामूल्य! रसिकांत आणि समीक्षकांत ज्यावर पिढ्यान्पिढ्या एकमत झाले नाही, ते आता वसुली खात्यातले कारकून ठरविणार. आणि ठरविले कोणी म्हणून विचारावे तर प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दाराकडे हात दाखवितो.

योगायोग असा की त्याच आठवड्यात दिल्लीत केंद्र सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून पंचवीस चित्रफीत-सेवा बंद करण्याचा हुकूम काढला. तो हुकूम योग्य होता की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. परंतु त्याच्याखाली एका खात्याचे नाव होते, २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७अ ही कलमे होती, आणि ज्याला तो मान्य नाही त्याला उच्च न्यायालयाची पायरी चढता येते. त्या कायद्यातच साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या मजकुरास अपवाद ठेवलेला आहे. आपल्याकडचा कोणी तरुण असली चित्रकादंबरी रचू लागला तर त्याने हे वाचून ठेवावे. ६७अ खाली पहिल्याच अपराधास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. कायदा कडक आहे, कदाचित गरजेपेक्षा अधिक कडक. पण तो छापलेला आहे.

मराठी वाचकाला या वाटा नव्या नाहीत. 'समाजस्वास्थ्य' चालविणाऱ्या र. धों. कर्व्यांना कोर्टात खेचले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, मासिक मात्र १९५३ पर्यंत चालू राहिले. आडनावावरून गोमंतकाशी नाते सांगणारे चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने कथा वाचून, लेखकाचे म्हणणे ऐकून, ती शिक्षा रद्द केली. सात वर्षे गेली, मनस्ताप झाला, वकिलांची बिले आली. तरी तेथे समोर कोणी तरी होते. जुलैत ज्यांची पाने पुसली गेली त्यांनी दाद मागावी कोणाकडे? मास्टरकार्डकडे जावे तर त्याने काही केलेच नाही.

गोव्यातील जुन्या पिढीला याहून जवळची आठवण आहे. सालाझारच्या राजवटीत मुक्तीपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, छापावयाचा शब्द आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे; लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत असे वडीलधारे सांगत. पोर्तुगालच्या सेन्सॉरची निळी पेन्सिल कुप्रसिद्धच होती. त्या जुलुमाचे गोडवे गाण्याची आमची बिलकूल इच्छा नाही, परंतु त्या पेन्सिलीची खूण कागदावर दिसत तरी असे. आणि नीतीच्या गोष्टी सांगताना आम्ही गोमंतकीयांनी जरा दबूनच बोललेले बरे. मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे नांगरून त्यांच्याकडून परवाना-शुल्क घेणारे राज्य आमचेच.

कार्डकंपन्यांची ही कात्री केवळ शृंगारावर चालेल असे मानणाऱ्यांनी २०१० चा डिसेंबर आठवावा. विकीलीक्सने अमेरिकन सरकारचे गुप्त खलिते उघडे केले तेव्हा व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी त्या संस्थेला जाणाऱ्या देणग्या अडविल्या. त्यापूर्वी कोणत्याही न्यायालयाने तिला दोषी ठरविलेले नव्हते. म्हणजे ही वाट राजकारणाकडेही वळते.

उपाय नाहीत असे नाही. जपानमध्ये १९९२ साली प्रौढांच्या खेळांच्या उत्पादकांनी स्वतःच एक नीतिसंस्था उभारली. तिचे नियम ठरलेले, बाहेर पडणाऱ्या मालावर वयाची चिठ्ठी. त्या व्यवस्थेतूनही भयंकर माल सुटला, २००९ साली जगभर गवगवा झाला आणि नियम घट्ट करावे लागले. पण घट्ट करावयास नियम होते. दुकानांनी वय तपासावे, बळजोरीच्या आणि लहानग्यांच्या मालाला स्पष्ट शब्दांत मनाई करावी, आणि माल उतरविला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी कळवावे. पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांनी वैध व्यवहाराचे पैसे वळते करावेत. पाण्याचे बिल भरणाऱ्याच्या घरी स्वयंपाक काय शिजतो हे पाहून नळ बंद करण्याचा अधिकार आपण पाणीपुरवठा खात्याला दिलेला नाही.

आपल्याकडे यूपीआय आणि रुपे ही जाळी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या हाती आहेत आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे. उद्या मडगावच्या एखाद्या खोलीत बसून कोणी मराठीत चित्रकादंबरी रचली, शृंगाराची नव्हे, समजा इन्क्विझिशनवरची, आणि कोणाच्या तरी पत्रावरून तिचे पैसे अडले, तर त्याला कोणत्या खिडकीवर अर्ज करता येईल, एवढे रिझर्व्ह बँकेने आधीच लिहून जाहीर करावे.