आधी शहर, मग टेल

उन्हाळी आवर्तन कधी सुटणार, हे दौंड तालुक्यात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे विचारलं जातं. उत्तर मात्र पुण्यात ठरतं. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या चार धरणांत मिळून २९.१५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं आधी शहराला, उरलेलं दौंडकडे येणाऱ्या कालव्याला. पिण्याच्या पाण्याला पहिला मान, याला शेतकऱ्याचाही विरोध नाही. पण शहराची हद्द वाढते, टॉवर वाढतात, धरणं तेवढीच राहतात. वाढलेली तहान टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या उसातून, कांद्यातून भागते.

त्या बदल्यात शहराचं सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या बेबी कालव्यात सोडायचं, वर्षाला ६.५ टीएमसी, असं ठरलं. कल्पना चांगलीच आहे. पण सगळं सांडपाणी आजही शुद्ध होत नाही. मुळा-मुठेच्या काठी उभं राहून पाहा. पात्रावर जलपर्णी, पाण्याला उग्र दर्प, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला चिकटलेला काळा गाळ. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून प्यायला विकतचे जार. धरणाचं पाणी शहरासाठी सोडणाऱ्या माणसानं स्वतःच्या घोटासाठी पैसे मोजायचे, हा उघड अन्याय आहे.

पाण्यासारखीच विकासाचीही वाटणी असमान. शेजारच्या शिरूर तालुक्यात तो नगर रस्त्याला धरून आला. रांजणगावच्या एमआयडीसीत परदेशी कंपन्या आल्या, सणसवाडी-शिक्रापूरला चाळी आणि गाळे उठले. रस्त्यालगत जमीन होती त्यांना भाडं सुरू झालं. बाकीच्यांची पोरं आयटीआय करून ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागतात. कायम होण्याची आशा धरता धरता तिशी ओलांडते. त्याच तालुक्यात केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईकडे पावसानं ओढ दिली की टँकरची वाट पाहणं आलं. जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात हे सगळे एकत्र मोजले जातात आणि पुणे जिल्हा श्रीमंत ठरतो.

पुन्हा पाण्याकडे येतो. कालवा समितीच्या बैठकीत आवर्तनाच्या तारखांवर भांडणं होतात. माझी मागणी साधी आहे. शहर किती पाणी उचलतं आणि किती शुद्ध करून परत देतं, याचे दर महिन्याचे आकडे दौंडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. मुंढव्यातून शुद्ध पाणी जितकं कमी येईल, तितकं त्याच हंगामात धरणातून कालव्याला सुटलं पाहिजे.