रुमालाखालचा भाव

मे महिन्यात हापूसचा भाव कोसळला की ‘मागणी-पुरवठ्याचा खेळ आहे, त्याला कोण काय करणार?’ हे ठेवणीतले उत्तर रत्नागिरीच्या बागायतदाराला ऐकविले जाते. हे ऐकविणाऱ्यांनी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे पुढचे पान उलटलेले नसते. भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो हे खरेच. परंतु घेणारा व देणारा या दोघांनाही माल आणि दर दिसला पाहिजे, ही त्या सिद्धान्ताची पहिली अट आहे.

वाशीच्या फळबाजारात ही अट कशी पाळली गेली? नियम उघड लिलावाचा, आणि वर्षानुवर्षे सौदे मात्र रुमालाखाली बोटे दाबून! पेटी रवाना करणाऱ्या बागायतदाराला भाव कळतो तो दलालाची पट्टी हाती पडल्यावर. तोवर फवारणी, राखण, तोडणी यांचा खर्च होऊन गेलेला असतो आणि फळ तर कोणासाठी थांबत नाही. अशा विक्रेत्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यातून हंगामापूर्वी उचल घेतलेली असली, तर दुसऱ्या गाळ्याची पायरी चढण्याचीही सोय उरत नाही. याला मुक्त बाजार म्हणणे ही बाजाराचीच बदनामी होय. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला, हे योग्यच झाले. परंतु उचलीची गाठ अध्यादेशाने सुटत नाही. मोहोराच्या वेळी भांडवल अन्यत्र मिळेल तेव्हाच ती सुटेल.

दुसरे दुखणे नावाचे. कर्नाटकातील आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून सर्रास खपविला जातो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले, की खऱ्या-खोट्याची पारख होत नसेल तर गिऱ्हाईक सरासरी भावच देते आणि चांगला माल बाजारातून हुसकला जातो. २००१ साली ते नोबेलचे मानकरी ठरले. रत्नागिरीच्या बागायतदाराला मात्र हे सत्य पुस्तकावाचून ठाऊक आहे!

२०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. सत्कार झाले, छायाचित्रे छापून आली. पण मानांकनाचा लाभ घेण्यासाठी बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि गिऱ्हाइकालाही पेटीवरची खूण मागावी लागते. पुण्या-मुंबईचा सुशिक्षित गृहस्थ डझनाच्या भावावरून अर्धा तास हुज्जत घालतो. आंबा कोणत्या बागेतला, हे मात्र तो विचारीत नाही.