कमी धावलेली पोर्शे सुरक्षित असते?

जुनी पोर्शे घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: कमीत कमी धावलेली गाडी शोध, म्हणजे इंजिनाची काळजी नको. १९९७ ते २००८ या काळातल्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांच्या बाबतीत हा सल्ला नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे.

या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली आणखी एक दांडा फिरतो, त्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. क्रँकशाफ्टची गती घेऊन तो चेनच्या साहाय्याने कॅमशाफ्ट फिरवतो. क्लचच्या बाजूचे त्याचे टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर पेललेले असते आणि त्यातले ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. वर्षे जातात तसे सील कडक होते. इंजिनाचे तेल आत शिरते, ग्रीस धुऊन नेते आणि तिथेच अडकून पडते. बाहेरचे तेल बदलले तरी आतले तसेच राहते. छर्रे झिजतात, शाफ्ट डगमगू लागतो, चेनचा मेळ सुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग इंजिन दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते.

यात किलोमीटरचा संबंध कुठे आला? सील म्हातारे होते ते काळाने. शिवाय गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या, अधूनमधून दहा मिनिटे चालणाऱ्या गाडीचे तेल पुरेसे तापतच नाही. त्यातली ओल आणि इंधनाचा अंश उडून जात नाही. असले तेल बेअरिंगला नको ते सगळे पुरवते.

दुसरा पक्ष म्हणतो, हा नुसता बाऊ आहे. २००१ ते २००५ च्या गाड्यांबद्दल अमेरिकेत जो सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोडीने मिटला, त्यात एकेरी रांगेच्या बेअरिंगसाठी साधारण ८ टक्के आणि आधीच्या दुहेरी रांगेच्या बेअरिंगसाठी साधारण १ टक्का असे बिघाडाचे प्रमाण पुढे आले. ते लहान असल्याचे सांगितले जाते. मला ते लहान वाटत नाही. इंजिन बदलायचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीएवढा होतो, आणि बेअरिंग फुटण्याआधी बहुधा कसलीच सूचना मिळत नाही.

म्हणून या गाड्या घेऊच नयेत, असे म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी३ यांचे इंजिन वेगळ्या घराण्याचे आहे. त्यांना हे दुखणे नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच उरला नाही. २००६ नंतरच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग मोठे आणि दणकट आहे, मात्र इंजिन उघडल्याशिवाय ते निघत नाही. त्याआधीच्या गाड्यांत गिअरबॉक्स उतरवला की ते हाताशी येते. क्लचच्या कामात ते बदलले, तर वेगळी मजुरी फारशी पडत नाही.

तेव्हा विक्रेत्याला किलोमीटर नंतर विचारावेत. आधी क्लचच्या कामाची पावती मागावी, तेल किती महिन्यांनी बदलले ते पाहावे आणि जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा आहे का ते जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे. चुरा दिसला तर सौदा तिथेच सोडावा. चुरा नाही पण पावतीही नाही, तर मजुरी, क्लच आणि बेअरिंग यांचा खर्च मांडून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला लावावी.