होस्टिंग भाड्याने घ्या, डोमेन मात्र स्वतःच्या नावावर ठेवा

वाशीत क्लास चालवणारे सर असोत, तुर्भ्याच्या एमआयडीसीतले गाळेधारक असोत की नेरूळमध्ये घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई असोत, वेबसाइट काढायची ठरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात स्वस्त होस्टिंग कुठलं? माझं कळकळीचं सांगणं आहे, हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर टाका. त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि बॅकअप कोणाकडे आहे? दोन्ही तुमच्या ताब्यात असतील, तर होस्टिंग चुकलं तरी चार-आठ दिवसांत दुसरीकडे हलता येतं. नसतील, तर महागातला महाग प्लॅनही तुम्हाला वाचवणार नाही.

डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटचं नाव. ते ठरावीक मुदतीसाठी मिळतं आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून राखावं लागतं. होस्टिंग म्हणजे त्या वेबसाइटच्या फायली ज्या सर्व्हरवर राहतात, तिथली भाड्याची जागा. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतले तरी हे दोन वेगळे व्यवहार आहेत. आपल्याकडे मात्र वेबसाइट करून देणारा मुलगाच सगळं आपल्या ई-मेलवर घेऊन टाकतो. त्याच्या मनात खोट नसते, त्याला ते सोयीचं पडतं. पुढे तो नोकरीला लागतो, नंबर बदलतो. रिन्युअलची आठवण त्याच्या जुन्या मेलवर येत राहते आणि एके दिवशी वेबसाइट बंद. डॉट कॉम नाव असेल, तर सुरुवातीची सवलतीची मुदत संपल्यावर जबर दंड भरून ते सोडवायला ३० दिवस मिळतात. तेही गेले की नाव खुलं होतं आणि कोणीही घेऊ शकतं. व्हिजिटिंग कार्डावर, पाटीवर, टेम्पोवर तेच नाव रंगवलेलं असतं, याचा विचार करा.

म्हणून डोमेनचं खातं स्वतःच्या ई-मेलवर आणि मोबाइल नंबरवर उघडा, बिल आपल्या नावाचं घ्या. डेव्हलपरला कामापुरता वेगळा प्रवेश द्या. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. चांगला डेव्हलपर स्वतःच तसं सुचवतो.

आता बॅकअप. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. ‘रोज बॅकअप घेतो’ असं कंपनी म्हणाली तर विचारा, तो कुठे ठेवता, किती दिवस ठेवता आणि परत मिळवायला पैसे लागतात का? तरीही महिन्यातून एकदा स्वतःची प्रत उतरवून घ्याच. बहुतेक होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘बॅकअप’ असं बटण असतं. तिथून दोन गोष्टी घ्या: वेबसाइटच्या सगळ्या फायली आणि डेटाबेस. वर्डप्रेसच्या साइटवरचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. नुसत्या फायली घेतल्या तर फोटो हाती लागतील, लिहिलेलं सगळं जाईल.

मग प्लॅन. लोकांना तुमचा फोन आणि पत्ताच हवा असेल, तर गूगल मॅपवरची मोफत नोंद पुरते, होस्टिंगवर खर्चच करू नका. पाच-सात पानांची साइट असेल, तर साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट्समध्ये वाटून घेतलेला सर्व्हर, भरपूर झालं. एक पान २ एमबीचं धरलं आणि महिन्यात ते ३००० वेळा उघडलं, तरी ६ जीबीच लागतात. व्हीपीएस, म्हणजे स्वतःपुरता वेगळा आभासी सर्व्हर, घ्यायला सांगणाऱ्याला विचारा, त्याची देखभाल, अपडेट कोण करणार? तो माणूस नसेल तर व्हीपीएस नको. ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या प्लॅनमध्येही फायलींच्या संख्येवर आणि प्रोसेसरच्या वापरावर मर्यादा असते. ती अटींच्या पानावर सापडते.

किंमत वाचताना कागद-पेन घ्या. समजा, जाहिरातीत महिना ९९ रुपये आहेत आणि खाली बारीक अक्षरात ‘तीन वर्षांचे एकदम भरल्यास’. म्हणजे आज ३,५६४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे सुमारे ४,२०५. रिन्युअलचा दर २९९ असेल तर तीन वर्षांनी त्याच जागेचे सुमारे १२,७०० भरावे लागतील. तुलना करायची ती या दुसऱ्या आकड्याची. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं एसएसएल प्रमाणपत्र २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे मोफत मिळतं. साध्या साइटसाठी त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर कारण विचारा. जाहिरातीतलं ‘९९.९ टक्के चालू’ म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद, आणि ९९ टक्के म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त.

सर्व्हर कुठे आहे, हेही विचारा. महापे, रबाळे, ऐरोली, पनवेल या आपल्याच पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. पण कंपनीचं ऑफिस ऐरोलीत आहे म्हणून तुमचा सर्व्हर इथे असेलच असं नाही. तो अमेरिकेत असेल, तर प्रत्येक विनंतीला जाऊन यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, आणि एका पानासाठी अशा कित्येक फेऱ्या होतात. गिऱ्हाईक बेलापूर-कोपरखैरण्याचं असेल तर सर्व्हर मुंबई परिसरातला मागा.

पैसे भरण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर रात्री फोन करून बघा. उचलतात का, आणि समजेल असं बोलतात का, ते तेव्हाच कळेल.

ज्यांची वेबसाइट आधीच सुरू आहे, त्यांनी आजच डोमेनच्या खात्यात लॉगिन करून पाहावं. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला पाहिजे. आला नाही, तर वेबसाइट करून देणाऱ्याला फोन करा आणि संबंध चांगले आहेत तोवर खातं आपल्या नावावर करून घ्या.